निरोगी माणसांच्या टाचा

१२ ऑगस्ट, नांदेड

विषय ठरला एकदाचा. म्हणजे सरांनी सांगितला आणि मी मान हलवली. आमच्या विभागात याला चर्चा म्हणतात. 'निरोगी प्रौढांमध्ये मणक्यावरील हस्तोपचाराचा तळपायाच्या दाबावर होणारा परिणाम.' सोपं करून सांगायचं तर ज्याला काहीएक झालेलं नाही अशा माणसाला कुशीवर निजवायचं, कमरेला एक झटका देऊन कट् आवाज काढायचा, आणि मग तो पाय कसा टाकतो ते मशीनवर बघायचं.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाला झालेलं काय असतंय?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग कशाला हात लावायलीस त्याला?" एवढा सरळ प्रश्न गेल्या दीड वर्षात मला विभागात कुणी विचारलेला नाही आणि मीही कुणाला विचारलेला नाही.

सर म्हणजे डॉ. सिद्धराम बिराजदार, मूळ निलंग्याकडचे. हाताला गुण आहे हे मात्र खरं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन-चार पाहुण्यांच्या माना मोकळ्या करून दिल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत. डिसेंबरात ते लातूरला स्वतःचं मणका केंद्र काढणार आहेत, आणि माझा प्रबंध वेळेत झाला तर तिथली जागा माझी, असं चहा पिता पिता म्हणाले. बाबांनी ही बातमी जळकोटच्या बसस्टँडपर्यंत पोचवली आहे. तिथून ती एव्हाना उदगीरच्या गाडीत बसली असेल. फिजिओथेरपिस्ट म्हणजे डॉक्टरच की, असं त्यांनी सगळ्यांना परस्पर सांगून टाकलंय. तेव्हा आता मागे फिरायची सोय नाही.

२१ ऑगस्ट

मशीन आली. दिसायला राखाडी रबराची लांब पट्टी, घरात अंथरावी तशी. माणूस तिच्यावरून अनवाणी चालत गेला की लॅपटॉपवर त्याचे तळवे उमटतात. जिथे भार जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं. मी स्वतः चालून पाहिलं. माझ्या टाचा लालभडक आल्या. हॉस्टेलच्या मुली म्हणतात ते बरोबर आहे, मी चालते तेव्हा खालच्या मजल्याला कळतं.

विभागातले शिपाई मडिवाळप्पामामा मशीनभोवती दोनदा फिरले. देगलूरकडचे आहेत, रिटायरमेंटला आलेत, आणि विभागातल्या प्रत्येक यंत्रावर त्यांचा जीव आहे. वॅक्स बाथला ते ओढ्यावर नेलेल्या म्हशीसारखं पुसतात. "हिला पाय लावायचा, मॅडम?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाय लावायलाच आणलीय मामा. "येवढी महागाची मशीन, आन् पाय लावायचा," म्हणून ते मान हलवत बाहेर गेले. मला हसू आलं.

३ सप्टेंबर

नांदेडात निरोगी माणूस मिळत नाही. फलक लावला, 'निरोगी व्यक्ती पाहिजेत', तर पहिल्याच दिवशी सात जण आले आणि सातही जणांनी कंबर दाखवली. एक काका म्हणाले, तसा मी निरोगीच आहे, फक्त शुगर, बीपी आणि हा गुडघा. जो खरंच निरोगी असतो तो दवाखान्याच्या वाटेलाच जात नाही, ही गोष्ट विषय ठरवताना आमच्या लक्षात आली नव्हती.

शेवटी आदर्शनं सोडवलं. आदर्श माझा चुलतभाऊ, पोलीस भरतीची तयारी करतो, इथे खोली करून राहतो. "माया ताई, ग्राऊंडवर ये. निरोगी माणसाचा ढीग हाय तिथं," म्हणाला. आणि खरोखरच ढीग होता. पहाटे पळून आलेली, मोड आलेली मटकी खाणारी, छाती फुगवून उभी राहणारी पोरं. वीसेक तिथून मिळाले, बाकी आमच्या हॉस्टेलच्या मुली. तीस झाले.

सरांना विचारलं, यातल्या अर्ध्यांना झटका न देता नुसतंच तपासायचं का, म्हणजे तुलना करता येईल. पुस्तकात तसं लिहिलंय. सर म्हणाले, "अगं, अर्ध्या पंगतीला वाढायचं आन् अर्ध्यांना नुसता वास द्यायचा का? सगळ्यांना कर." मला ते पटलं. पटलं म्हणजे सही त्यांची लागते.

१७ सप्टेंबर

झटक्याआधीची मापं संपली. सुट्टीचा दिवस होता, मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळे पोरं मोकळी होती. बाहेर झेंडा झाला आणि आत यांचे पाय.

काय एकेकाची चाल! चपला घालून थेट पट्टीच्या काठापर्यंत येतात, तिथेच काढून भिरकावतात आणि दणादण चालत जातात. एकानं डबा मशीनवर ठेवला. मडिवाळप्पामामांनी तो उचलून त्याच्या हातात दिला आणि असं बघितलं की पोरगं डबा पोटाशी धरूनच बसलं. आदर्श आणि त्याचा ग्राऊंडवरचा दोस्त इरफान चालले तेव्हा टेबलावरचा चहाचा कप वाजला. हॉस्टेलची पुनम मोबाईल बघत बघत चालली आणि पट्टी संपल्याचं तिला कळलंच नाही. सगळ्यांच्या टाचा लाल. तीसच्या तीस.

सर खूश. म्हणाले, आता बघ हा लाल रंग कसा खाली येतो. कमरेतला अडथळा गेला की टाच हलकी पडते, हा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत त्यांना कॉलेजात असताना सुचला होता, पुरावा फक्त राहिला होता.

१ ऑक्टोबर

आठवड्यातून दोनदा कट्, कट् चाललंय. सर स्वतः करतात. आवाज आला की "ऐकलं?" म्हणून माझ्याकडे बघतात, जणू मी न ऐकल्याची तक्रार केली होती. पोरांना आता चटक लागली आहे. इरफान म्हणतो, ग्राऊंडवरची पोरं रांगेला लागायला तयार आहेत, निरोगी नसली तरी.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या चालण्यात काहीच फरक दिसत नाही. कप अजून वाजतो. पण मला दिसत नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. नाहीतर मशीन कशाला आणली असती. मापं दसऱ्यानंतर घ्यायची, तोवर मनात काही आणायचं नाही असं ठरवलंय. दिवसातून दोनदा ठरवते.

१० ऑक्टोबर

उद्या जळकोटला जाते. धम्मचक्र प्रवर्तन दिन घरीच करायचा, दरवर्षीप्रमाणे. आईनं पांढरी साडी काढून ठेवली आहे म्हणे, आणि बाबांनी विहारात माझ्या भाषणाचं परस्पर ठरवलंय. विषय त्यांनीच दिला, 'विज्ञान आणि अंधश्रद्धा'. मडिवाळप्पामामांनी विचारलं, खंडेनवमीला मॅडम असतील का. मी म्हटलं, नाही. "मग मी बगतो सगळं," म्हणाले. मी किल्ली देऊन टाकली.

१५ ऑक्टोबर

भाषण छान झालं. टाळ्याही पडल्या. यंत्रं आली तरी डोक्यातली भुतं जात नाहीत, असं एक वाक्य मी टाकलं होतं, त्यावर बाबांचे डोळे भरून आले.

आज परत आले तर आमच्या विभागातल्या यंत्रांची पूजा झालेली. वॅक्स बाथला हार, ट्रॅक्शनच्या टेबलाला हार, सायकलला लिंबू. आणि माझ्या पट्टीचा थाटच निराळा. सुरुवातीच्या टोकाला, जिथून पाय टाकतात तिथेच, हळदीकुंकवाचं मोठं स्वस्तिक, शेजारी पाच बोटं, भोवती झेंडूच्या पाकळ्या. मामा म्हणाले, मधोमध काढणार होतो, पण तुमच्या तारा बिघडतील म्हणून कडंला काढलं. एवढी वैज्ञानिक दृष्टी बघून मी झाडू घेतला. पाकळ्या झाडल्या, स्पिरिट घेऊन पुसलं, पण रबरात कुंकू मुरलंय. पुसलं तेवढं पसरलं.

मामा आता रोज सकाळी तिथे उदबत्ती लावतात. दारात पाटी लागली आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. एका अर्थी बरंच झालं, फरशी स्वच्छ राहते. मला माझ्या कामाशी मतलब.

२४ ऑक्टोबर

दुसरी मापं आज संपली. टाचा निळ्या आल्या.

एकाच्या नाही, दोघांच्या नाही. सत्तावीस जणांच्या. तीच पोरं, जी सप्टेंबरात दणादण चालत होती, ती आता अशी अलगद पाय टाकतात की बघत राहावं. आधी चवडा, मग बाहेरची कड, टाच जेमतेम टेकलेली. चहाचा कप एकदासुद्धा वाजला नाही. नुसत्या चालीत नाही, एकूण वागण्यातच फरक पडलाय. दारात चपला काढतात, आत हळू बोलतात, पट्टीपाशी आल्यावर वाकून हात लावतात, मग पाऊल टाकतात. मणका सरळ झाला की माणूसही सरळ होतो, असं सर म्हणायचे तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. मनातल्या मनातच माफी मागितली.

आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं बाई. पन त्या लेकरायला काई तरास तर न्हाई ना?" मी म्हटलं, अगं, ते बरे झाले. "झालंच काय होतं त्यायला?" आई कधीकधी फारच मागचं काढत बसते.

२६ ऑक्टोबर

तीन जण बदललेच नाहीत. आदर्श, इरफान आणि पुनम. टाचा तशाच लाल, उलट आदर्शची जास्तच. तिघांना धरून हिशेब केला तर निकाल नुसता चांगला दिसतो. काढून केला तर झळाळतो.

सर म्हणाले, काढून टाक. मी विचारलं, कोणत्या कारणानं? सरांनी खुर्ची मागे रेलली. "आपला विषय काय? निरोगी प्रौढ. निरोगी माणसावर परिणाम होतो हे तर सिद्ध झालं. आता ज्यांच्यावर झाला नाही ते काय असतील, तूच सांग." मी म्हटलं, आदर्श रोज पहाटे पळतो सर. "पळत असेल. आतून काय असतंय कुणाला ठाऊक. काहीतरी दोष असेल जन्मजात. लिही, निकषात बसत नाही."

ज्याला तपासायला आणला तोच चुकीचा निघाला की तपासणी बरोबर ठरते. युक्तिवाद इतका गुळगुळीत आहे की बोट ठेवायला जागा नाही. मी लिहिलं.

२ नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस म्हणून आदर्शला जेवायला बोलावलं. त्यानं विचारलं, आमचा निकाल काय आला. मी इकडचं तिकडचं सांगितलं, पण त्याला घोळवणं जमत नाही मला. शेवटी सांगितलं की तुम्हा तिघांची नावं गाळली. निकषात बसत नाही म्हणून.

"कोनत्या निकषात?"

मी म्हटलं, निरोगी.

तो हसला आधी. मग हात धुतला. जेवण अर्धं राहिलं होतं. "ग्राऊंडवर मी पहिला येतो ताई. तुला ठाऊक हाय. तुझ्याच सरांनी माझी छाती मोजली, वजन केलं, निरोगी म्हनून घेतलं. आता त्यांच्या मनासारखं आलं न्हाई तर मी निरोगी न्हाई?" मी विज्ञानाची पद्धत समजावून सांगू लागले. त्यानं पूर्ण ऐकून घेतली. मग चपला घालताना म्हणाला, "आपल्याला काढून टाकायला ह्याच्या आधी बी लोकांनी कारनं शोधलीच की. फक्त ह्या टायमाला कागद तुझ्या हातचा हाय."

त्याला काय कळतं सांख्यिकीतलं. हे वाक्य मी लिहिलं आणि दोनदा वाचलं, तरी बरं वाटत नाही. त्याच्या ताटातला भात मी झाकून ठेवलाय, का ते ठाऊक नाही.

२० नोव्हेंबर

लातूरच्या एका फिजिओथेरपी परिषदेत माझा शोधनिबंध मंजूर. चौदा डिसेंबर. त्याच दिवशी, त्याच मंगल कार्यालयात, सरांच्या मणका केंद्राचं उद्घाटनसुद्धा. एकाच मांडवात दोन लग्नं, जेवणावळ एक. आदर्श फोन उचलत नाही. पुनमला सांगितलं तिचं नाव गाळलं म्हणून, तर तिनं मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, कशातून?

कधीकधी वाटतं, या तिघांत सारखं काय आहे ते एकदा बघावं. इरफान वेगळा, आदर्श वेगळा, पुनम तर नायगावच्या देशमुखांची. जन्मजात दोष असायचा तर तिघांना एकच कसा? सरांना बोलले. ते म्हणाले, यावर पुढच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध होईल. विषय मिळाला म्हणून त्यांना आनंदच झाला.

१३ डिसेंबर, लातूर

मंगल कार्यालयात तालीम झाली. केंद्रासाठी सरांनी नवी कोरी पट्टी घेतली आहे. उद्या पाहुण्यांसमोर प्रत्यक्ष दाखवायचं: आधी चालवायचं, मग झटका, मग पुन्हा चालवायचं, आणि मोठ्या पडद्यावर लाल टाच निळी होताना सगळ्यांनी बघायची. इथल्या क्लासेसमधली चार-पाच पोरं जमवली होती, दोन-तीनदा 'नीट'ची परीक्षा दिलेली, वयानं प्रौढ झालेली. पाठीला बाक, पण निरोगी म्हणून चालवून घेतली.

आधी लाल. सरांनी झटका दिला, कट्. नंतरही लाल. दुसरा, तिसरा, चौथा. लालच. सरांनी एकाला तर दोनदा केलं, ते बिचारं चालताना अडखळलं, तरी टाच लाल. सर म्हणाले, मशीन नवी आहे, सेटिंग बसलेलं नाही. वायरवाल्याला बोलावलं. वायरवाल्यानं वायर काढून पुन्हा लावली आणि झालं म्हणून सांगितलं.

मला अन्न गोड लागेना. नांदेडच्या मशीनवर सत्तावीस जण बदलतात आणि लातूरला एकही नाही. लातूरच्या पाण्यात काही असेल म्हणावं तर पाणीच कुठे येतं इथे.

१४ डिसेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी उद्घाटन. फीत, समई, सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मग सरांच्या सौभाग्यवतींनी नव्या पट्टीची पूजा केली. हळद, कुंकू, स्वस्तिक, झेंडू, कडेला नारळ फोडला. सूत्रसंचालक म्हणाला की आता प्रमुख पाहुणे यंत्रावर पहिलं पाऊल ठेवतील. प्रमुख पाहुणे म्हणजे देवणीचे एक बागायतदार, महादेवप्पा, सरांचे व्याही, क्विंटलभराचे गृहस्थ. त्यांनी जोडे काढले. वाकायला जड जात होतं तरी वाकले, पट्टीला हात लावून कपाळाला लावला, आणि स्वस्तिकाला वळसा घालून अशी पावलं टाकत गेले की झोपलेल्या लेकराजवळून जावं.

मोठ्या पडद्यावर टाच निळी उमटली.

मणक्याला अजून कुणी हात लावला नव्हता. टाळ्या पडल्या. त्यांच्यामागून कालची क्लासची पोरं गेली, तीच, काल दणादणा चालणारी. वाकून नमस्कार, आणि निळी टाच. सर माझ्याकडे बघून हसले, सेटिंग बसलं म्हणून.

मला मामांची उदबत्ती आठवली. चपला बाहेर काढायची पाटी आठवली. ती सत्तावीस पोरं वाकत होती तेव्हा मी त्याला मणक्याचा लवचीकपणा समजून लिहून घेतलं होतं. आदर्श वाकला नव्हता कारण तो कुठल्याच यंत्राला वाकत नाही, इरफानही नाही, आणि पुनमनं मोबाईलमधून मान वर करून ते कुंकू कधी बघितलंच नव्हतं. हाच तो जन्मजात दोष. आणि मी, विहारात भाषण ठोकून आलेली मी, त्या कुंकवाच्या शेजारी खुर्ची टाकून दहा दिवस मापं घेत होते.

माझ्या नावाचा पुकारा जेवणाआधी झाला. स्लाइड सत्तावीस जणांच्याच होत्या. पहिली लावली. समोर सर, शेजारी व्याही, मागे केटरिंगवाले पुऱ्या घेऊन तयार. लातूरची जागा, बाबांचा बसस्टँड, सगळं एकदम आठवलं. वाचून टाकलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं आणि कुणालाही कळलं नसतं. मग मी म्हणाले, "यातून मी तीन माणसं काढली होती. ती निरोगी होती. त्यांना परत घेते. बाकी सत्तावीस जणांच्या टाचा मणक्यामुळे हलक्या पडलेल्या नाहीत. आम्ही मधेच मशीनची पूजा केली, आणि आपल्याकडे पुजलेल्या वस्तूवर कुणी टाच आपटत नाही. आत्ता पाहुण्यांनीही आपटली नाही." खाली मान घालून पुढचं सगळं सांगितलं, तुलनेचा गट घेतला नाही हेसुद्धा.

मांडवात हशा पिकला. एक म्हातारे डॉक्टर उठून म्हणाले, परिणाम तर सिद्ध झालाच आहे पोरी, फक्त औषधाचं नाव बदल. सगळे आणखी हसले. मलाही हसू आलं असतं, पण सर हसत नव्हते.

परतीला सरांच्याच गाडीत बसावं लागलं, दुसरी सोय नव्हती. ते म्हणाले, "सांगायचं होतं तर आधी मला सांगायचं." मी म्हटलं, आधी मलाच कळलं नव्हतं सर. अहमदपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "नांदेडच्या पट्टीवर लिंबू पण होतं का?" मी म्हटलं, नाही, लिंबू सायकलला होतं. "हं," म्हणाले, आणि गाडीची काच खाली केली.

२ जानेवारी, नांदेड

प्रबंध सहा महिने पुढे गेला. सरांनी नव्या आराखड्यावर सही केली, तुलनेच्या गटासकट, न वाचता. लातूरची जागा त्यांच्या भाच्याला गेली. त्याच्या टाचा कुणी मोजल्या नाहीत. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोललीस ना? मग बसस्टँडवर मी बगतो काय सांगायचं ते." मला रडू आलं. आईनं फोन घेतला आणि विचारलं, आता तरी आजारी माणसं घेशील का.

आदर्शला निरोप पाठवला, लांबलचक, तीनदा खोडून. उत्तर आलं, "ठीक हाय."

१९ जानेवारी

आज नव्यानं सुरुवात. अख्ख्या पट्टीवर काळा कपडा ताणून बसवलाय, स्वस्तिक दिसत नाही. चपला आत आणायला परवानगी, उलट आग्रहच. मडिवाळप्पामामांना हात जोडून सांगितलं की अभ्यास संपेपर्यंत उदबत्ती नाही. ते हो म्हणाले. चेहरा असा केला की मशीनचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी.

पहिला कोण, तर आदर्श. सांगितलं नव्हतं, नुसती वेळ कळवली होती. आला, मामांना नमस्कार केला, माझ्याकडे न बघता विचारलं, कुठनं चालायचं. मी दाखवलं. तो बाहेर गेला. मला वाटलं निघून चालला. खिडकीतून बघितलं तर नळावर पाय धूत होता. मग रुमालानं बोटांमधून पुसले, तळवेसुद्धा, आणि आत येऊन पट्टीवरून चालला.

टाच निळी.

मी म्हटलं, नेहमीसारखा चाल. "नेहमीसारखाच चालायलोय," म्हणाला आणि पुन्हा गेला. पुन्हा निळी. टेबलावर कप होता, तो हलला नाही. मला राग आला, त्याचा की मशीनचा कळेना. म्हटलं, "आदर्श, हे रबर आहे. देव नाही."

"देव कोन म्हनलं?" तो पट्टीच्या त्या टोकाला उभा होता, चवड्यांवर. "तुझी मशीन हाय म्हनून. लई भोगलंस हिच्यापायी. आनखी बिघडली म्हंजे?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. पडद्यावर त्याची दोन पावलं होती, इतकी हलकी की कडा धड उमटल्या नव्हत्या. मामा दाराशी उभे होते, ते उगाच रुमाल शोधू लागले.

माप बाद केलं. माणूस ठेवला. उद्या सकाळी ग्राऊंडवरून थेट ये म्हणून सांगितलंय, आणि पाय धुवून येऊ नकोस म्हणून.